जागं ठेवायचं काम

प्रयोगशाळेत सगळे त्याला अंगाई म्हणत. हे नाव तळमजल्यावरच्या हाडवाल्यानं ठेवलं होतं आणि मुद्दाम उलटं ठेवलं होतं, कारण या माणसाचं काम उंदरांना झोपू न देण्याचं होतं.

पांढरे उंदीर दिवसा झोपतात. सकाळी खोलीतला दिवा लागला की ते पिंजऱ्यातल्या कागदाच्या चिंध्यांत शिरतात, एकमेकांच्या अंगावर पडतात आणि बघता बघता त्यांचे डोळे मिटतात. अंगाई तेव्हा कामाला लागायचा. हातात चित्रकाराकडे असतो तसा मऊ केसांचा ब्रश. एखाद्याच्या मिशा हलायच्या थांबल्या, पाठ गोल व्हायला लागली, की ब्रश जाळीतून आत जायचा आणि कानामागून एकदा फिरायचा. बस्स. उंदीर डोळे उघडून इकडेतिकडे बघायचा आणि अंगाई पुढच्या पिंजऱ्याकडे वळायचा. पिंजरा ठोकायचा नाही, हलवायचा नाही, उंदराला घाबरवायचं तर मुळीच नाही. घाबरलेल्या उंदराच्या अंगात भलतीच रसायनं सुटतात आणि मग मॅडमना जे मोजायचं ते मोजताच येत नाही.

"झोपलेल्याला उठवणं कुणालाही जमतं," तो नव्या लोकांना सांगायचा. "झोप लागायच्या आधी एक क्षण असतो. तो पकडायचा. मग त्या बिचाऱ्याला कळतही नाही की आपल्याला कुणी झोपू देत नाहीये."

मॅडम मज्जारज्जूवर संशोधन करायच्या. पायाला चटका बसला की त्याची खबर मज्जारज्जूतून मेंदूकडे चढते. मेंदूही गप्प बसत नाही. तो वरून खाली काही रसायनं सोडतो आणि ती रसायनं वेदनेला वाटेतच अडवतात, पुरे आता, कळलं, असं म्हटल्यासारखी. झोप मोडली की ही रसायनं आटतात का, एवढाच मॅडमचा प्रश्न होता. त्यासाठी एक आठवडा उंदरांना जागं ठेवायचं. पुढच्या आठवड्यात त्याच उंदरांना पोटभर झोपू द्यायचं. दोन्ही वेळी त्यांच्या कण्यात बसवलेल्या केसाएवढ्या नळीतून थेंबभर पाणी काढून तपासायचं आणि गरम पत्र्यावर ठेवल्यावर उंदीर पाय किती लवकर उचलतो ते बघायचं. सगळं झालं की शेवटी मज्जारज्जू काढून घ्यायचा. ते मॅडम स्वतः करायच्या. अंगाई तेव्हा बाहेर जाऊन उभा राहायचा.

मॅडमची एक सक्त ताकीद होती. झोपेचा आठवडा असो की जागरणाचा, उंदरांच्या खोलीत माणूस एकच हवा. माणूस बदलला की वास बदलतो आणि वास बदलला की आकडे बदलतात. त्यामुळे झोपेच्या आठवड्यातही अंगाईच खोलीत असायचा. पाणी भरायचा, चिंध्या बदलायचा आणि उरलेला वेळ स्टुलावर गप्प बसून राहायचा. उंदीर आपल्याला ओळखतात याचा त्याला अभिमान होता. घरी बायकोला सांगायचा, "मी दार उघडलं ना, की सगळ्यांची तोंडं माझ्याकडे."

"मग काय, जावईच तुम्ही त्यांचे," बायको म्हणायची.

ही गोष्ट तिची आहे. तिला झोप मिळाली की नाही, त्याची आहे.

तिच्या कमरेच्या मणक्यांत एक गाठ होती. अशा ठिकाणी होती की काढायला हात घालावा तर पायच जायचे. गाठ वाढत होती सावकाश, पण दोन्ही पायांत ठणका मात्र असा की चादरीचं टोक लागलं तरी ती ओठ चावायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी सर्जन म्हणाले, गाठीला हात लावायचा नाही, वेदनेची वाट बंद करायची. ठणक्याची खबर मानेतून वर जाते. तिथे सुई घालून मज्जारज्जूतला तेवढाच दोरा जाळायचा. एका बाजूचा आधी, मग दुसऱ्या बाजूचा.

त्या दिवशी अंगाई तळमजल्यावर हाडवाल्याकडे गेला. हाडवाल्याच्या ताब्यात तुलनात्मक शरीररचनेचा संग्रह होता. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, आत सांगाडे आणि बरण्या. एका कपाटात नुसते मज्जारज्जू होते, पिवळसर पाण्यात उभे टांगलेले. मासा, बेडूक, कोंबडी, मांजर, घोडा. सगळ्यात शेवटी माणूस.

"मानेत म्हणजे नेमकं कुठे रे?" अंगाईनं विचारलं.

हाडवाल्यानं काचेवर बोट ठेवलं. "जिराफ असो नाही तर चिचुंद्री, दूध पाजणाऱ्यांच्या मानेत मणके सातच. निसर्गाला हिशेब एकदा जमला, मग त्यानं तोच सगळीकडे चालवला. हे बघ. वरून दुसऱ्या मणक्याच्या आसपास."

अंगाईनं नाक काचेला लावलं. तो अख्खा मज्जारज्जू करंगळीएवढासुद्धा जाड नव्हता. "एवढ्यातच सगळं?"

"एवढ्यातच. पाय, मूत, वेदना, श्वास. एका गल्लीत सगळ्यांची दारं." हाडवाल्यानं काचेवरचं बोट काढलं. "सर्जन हुशार आहे ना?"

"लोक म्हणतात."

"मग झालं. चल, चहा पाज."

पहिली बाजू झाली आणि तिचा उजवा पाय शांत झाला. कित्येक महिन्यांनी ती हसली. दुसरी बाजूही झाली, दुसरा पायही शांत झाला. पण सर्जननी अंगाईला बाजूला घेतलं. जाळलेल्या दोऱ्याला लागूनच आणखी एक दोरा असतो, म्हणाले. झोपेत श्वास आपोआप चालतो तो त्याच्या जोरावर. दोन्ही बाजूंना थोडा धक्का बसलेला दिसतो. जागेपणी त्या नीट श्वास घेतील. झोपेत मात्र शरीर श्वास घ्यायला विसरू शकतं. त्यांनी एक यंत्र दिलं. डब्याएवढं यंत्र, नळी आणि नाकातोंडावर बसणारा मास्क. श्वास थांबला की यंत्र हवा ढकलणार, मास्क निसटला की शिट्टी वाजवणार. झोपताना मास्क लावायचाच, मग काळजीचं कारण नाही.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी ते झालं. तो मास्कचे पट्टे सोडवत पलंगाशेजारी उभा होता आणि ती बोलता बोलता झोपली. त्यानं पट्टा सरळ केला, वर बघितलं, तर छाती हलत नव्हती. चेहरा शांत. ओठांच्या कडा निळसर होत चाललेल्या. त्यानं हाक मारली नाही, गदागदा हलवलं नाही. त्याचा हात आपणहून पुढे गेला आणि तिच्या कानामागून दोन बोटं फिरली. ती डोळे उघडून म्हणाली, "काय हो?" आणि मोठा श्वास घेतला.

"काही नाही," तो म्हणाला.

त्या 'काही नाही'पासून सगळं सुरू झालं.

यंत्र चांगलं होतं. पण यंत्र लावलं की फस्स, फस्स आवाज चालू आणि छाती वरखाली. तो श्वास तिचा की यंत्राचा, हे बघून कळायचं नाही. तिची छाती चालतेय म्हणून ती आहे, असं त्याला म्हणता येईना. तो हाडवाल्याशी बोलला. हाडवाल्याला असल्या गोष्टी सांगायला भारी आवडायच्या.

"डॉल्फिनचं बघ," तो म्हणाला. "आपला श्वास आपोआप चालतो, त्याला आठवणीनं घ्यावा लागतो. मग तो झोपतो कसा? तर अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा. एक डोळा मिटलेला, एक उघडा. नंतर पाळी बदलायची."

"आणि पूर्ण झोपला तर?"

"तर बुडेल."

हाडवाला हे बोलून विसरला. अंगाई ते घरी घेऊन गेला. अर्धी झोप. म्हणजे झोपूही द्यायचं आणि बुडूही द्यायचं नाही. मास्क लावून ती आडवी झाली की तो शेजारी खुर्चीत बसायचा. तिच्या पापण्या जड व्हायच्या, बोटं सैल पडायची. थोडं पुढे जाऊ द्यायचा, आणि मग पापण्यांखालची बुबुळं स्थिर झाली की कानामागून दोन बोटं. ती डोळे उघडायची, कूस बदलायची, पुन्हा मिटायची. पुन्हा बोटं. त्याच्या हाताला हे काम इतकं सवयीचं होतं की तिला स्पर्श जाणवायचाही नाही. ती म्हणायची, "मला हल्ली झोपच येत नाही हो. येते येते असं वाटतं आणि जाते." आणि तो म्हणायचा, "येईल." तिचा तो क्षण आपणच पळवतोय, हे त्यानं स्वतःशीसुद्धा असं कधी म्हटलं नाही. तो म्हणायचा, मी राखण करतोय.

सुरुवातीला त्यानं रजा घेतली होती, तेवढे दिवस मॅडमनी प्रयोग थांबवला होता. रजा संपली तसा सकाळपुरता कामावर जाऊ लागला. सकाळी तिची धाकटी बहीण यायची. आंघोळ घालणं, केस विंचरणं, स्वयंपाक, आल्यागेल्याशी बोलणं यात सकाळ निघून जायची. दुपार आणि रात्र त्याची. तो स्वतःही खुर्चीत पेंगायचा. पण आता एक नवीन गोष्ट झाली होती. त्यानं हात पुढे केला नाही तरी ती जागी व्हायची. त्यानं खुर्चीत पाय हलवला की तिचे डोळे उघडे. तो स्वयंपाकघरातून परत आला की दारातच तिची नजर भेटायची. तो मनात म्हणायचा, बरं झालं, आता तिचं तिलाच जमायला लागलं.

ती वाळत चालली. हात थरथरायला लागले, बोलताना शब्द हरवायला लागले. आणि एक दिवस धाकटी तिच्या पायावर चादर ओढत होती तेव्हा तिनं ओठ चावला.

"ताई, काय झालं?"

"परत सुरू झालंय गं," ती म्हणाली.

सर्जननी तपासलं. मान हलवली. म्हणाले, कधी कधी वेदना दुसरी वाट शोधते. आणखी वर, आणखी खोल जाळावं लागेल. पण मग यंत्र दिवसाही लागेल, कायमचं. बोलणंही कितपत राहील सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात या, ठरवून टाकू.

घरी येताना टॅक्सीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. "म्हणजे मग मी फक्त ऐकायचं," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच तुमची पाळी येणार बोलायची." तो हसला नाही. तीही हसली नाही.

इकडे प्रयोगशाळेत मॅडम वैतागल्या होत्या. आकडे जुळत नव्हते. झोपेच्या आठवड्यातले उंदीर आणि जागरणाच्या आठवड्यातले उंदीर यांच्यात काही फरकच दिसेना. तेच आटलेलं रसायन, तेच झटक्यात उचललेले पाय. म्हणजे एक तर मॅडमचा प्रश्नच चुकीचा, नाही तर झोपेच्या आठवड्यात उंदीर झोपतच नव्हते. त्यांनी खाणं बदललं, दिवे बदलले, पंख्याचा आवाज मोजला. शेवटी कोपऱ्यात एक छोटा कॅमेरा बसवला.

एका सकाळी त्यांनी अंगाईला आपल्या खोलीत बोलावलं. हाडवालाही तिथे चहा पीत बसला होता.

"बसा," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "हे बघा. झोपेचा आठवडा आहे. तुम्ही अजून आलेला नाही."

पडद्यावर पिंजरे दिसत होते. उंदीर चिंध्यांत गोळा होऊन पडलेले, पोटं सावकाश वरखाली होत होती. खोलीत काहीही हलत नव्हतं. मग एकदम, सगळ्या पिंजऱ्यांत, एका वेळी, डोकी वर झाली. एकूण एक. दार अजून बंदच होतं.

"आता तुम्ही जिन्यावर असाल," मॅडम म्हणाल्या.

थोड्या वेळानं पडद्यावर दार उघडलं आणि अंगाई आत आला. त्यानं पाणी भरलं, स्टूल ओढलं आणि बसला. ब्रशला त्यानं हातही लावला नाही. उंदीर त्याच्याकडे बघत राहिले. कुणी खात नव्हतं, कुणी फिरत नव्हतं. मॅडमनी चित्र पुढे पळवलं. कोपऱ्यातले वेळेचे आकडे भराभर बदलत गेले. उंदीर तसेच. डोळे उघडे, तोंडं एकाच दिशेला. त्यांच्यासमोर स्टुलावर एक माणूस मांडीवर हात ठेवून शांत बसलेला.

"तुम्ही काहीच करत नाही आहात," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे. एकच माणूस हवा असं मीच सांगितलं. एक आठवडा ज्या माणसानं झोपू दिलं नाही, तोच दुसऱ्या आठवड्यात समोर बसला तर... त्यांना काय माहीत कुठला आठवडा आहे ते."

"अंगाई, लेका, तुझा नुसता वास पुरतो रे," हाडवाला म्हणाला. "ब्रशचा खर्च वाचला." आणि मग त्याचं लक्ष अंगाईच्या चेहऱ्याकडे गेलं. "काय रे? एवढं काय झालं? नवीन उंदीर आणतील."

अंगाई पडद्याकडेच बघत होता. "मॅडम," त्यानं विचारलं, "जागरणानं पायाचं दुखणं परत येतं का? बंद केलेलं?"

"उंदरांत येतं असं मला वाटतं. तेच तर—" मॅडम थांबल्या. त्यांना त्याच्या घरचं माहीत होतं. "का?"

त्यानं सांगितलं. डॉल्फिनचंही सांगितलं. हाडवाल्यानं कप खाली ठेवला.

"अरे, मी डॉल्फिनचं बोलत होतो," तो म्हणाला. "वहिनींचं नाही रे. माणसाला अर्धं झोपता येत नाही."

"आजच सर्जनना फोन करा," मॅडम म्हणाल्या. "मी उंदरांवरून तुमच्या घरचं सांगू शकत नाही. पण त्यांना हे कळायला हवं. आणि तुमच्या बायकोला झोपू द्या. आधी झोपू द्या."

तो घरी निघाला. चालता चालता त्याला वाटत होतं, अजून मी लांब आहे, अजून ती झोपलेली असू शकेल. घर जवळ आलं तशी त्याची पावलं आपोआप हळू झाली. कोपऱ्यावर त्यानं चपला काढून हातात घेतल्या. लोक बघत होते. जिना तो भिंतीला धरून चढला. धाकटीनं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता.

"काय हे भावोजी," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता कुठे तिला डोळा लागला होता. घोरत होती चक्क. आणि एकदम उठून म्हणते, आले वाटतं."

तो आत गेला. ती उशीला टेकून बसली होती, मास्क गळ्यात, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दाराकडेच बघत होती. ही नजर त्यानं सकाळी पडद्यावर पाहिली होती.

उभ्या उभ्याच त्यानं तिला सगळं सांगितलं. धाकटी दारात पदराला हात पुसत थांबली.

ऐकता ऐकता ती गळ्यातल्या मास्कचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तुमचा उंदीर झाले होय?"

"अगं, श्वास थांबला होता तुझा. मी बघितला. तुला कसं सांगू..."

"सांगायचं. तोंडानं सांगायचं. मला वाटलं गाठ वर चढली डोक्यात. वेड लागतंय असं वाटलं मला." तिचा आवाज चढला आणि फाटला. "या बाईला मी काल म्हटलं, मला विष आणून दे. विचारा तिला."

धाकटीनं मान खाली घातली.

"मला भीती वाटायची," तो म्हणाला.

"मला नाही वाटत?" ती म्हणाली. "पण मला झोपायचंय. झोपेत गेले तर गेले. अशी उघड्या डोळ्यांनी नको मारू मला." 'अहो' म्हणणारी बाई, पण त्या क्षणी तिच्या तोंडून एकेरी गेलं आणि कुणाला ते खटकलंही नाही.

थोड्या वेळानं ती शांत झाली. मास्क नीट करत म्हणाली, "तुम्ही जा थोडे दिवस. तुमच्या त्या हाडवाल्याकडे राहा. त्याला सांगा, कपाटात जागा करून दे म्हणावं."

तो गेला. हाडवाल्याच्या घरी बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपायचा, म्हणजे पडून राहायचा. धाकटी आपलं सामान घेऊन ताईकडे राहायला आली. पलीकडच्या आळीतली एक नर्स रात्री बसू लागली. सर्जननी फोनवर सगळं ऐकून घेतलं, यंत्राचा जोर थोडा वाढवून दिला आणि म्हणाले, जाळण्याचं पुढे ढकलू, आधी हे बघू.

धाकटी रोज फोन करायची. पहिल्या दिवशी म्हणाली, झोपली पण दचकते. मग म्हणाली, जेवून झोपली ती दिवेलागणीपर्यंत. मग एकदा म्हणाली, "भावोजी, आज मी तिच्या पायावरून चादर ओढली आणि तिला कळलंसुद्धा नाही." हाडवाला शेजारी उभा होता. अंगाईनं फोन त्याच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

सर्जननी पुन्हा तपासलं आणि सांगितलं की आणखी जाळायची गरज नाही. गाठ आहे तिथे आहे, ती तिचं काम करणार. पण बोलणं राहील, आणि जेवढे दिवस आहेत ते बिनदुखण्याचे जातील.

मग तो ती जागी असताना भेटायला यायला लागला. धाकटी आधी फोन करून सांगायची, आता उठलीय, या. तो यायचा, ती केस विंचरून बसलेली असायची, आणि दोघं बोलायची. नव्या लग्नातल्यासारखं, वेळ ठरवून. ती विचारायची, "उंदीर कसे आहेत?" तो म्हणायचा, "नवीन आणलेत. त्यांना मी दिसत नाही, दुसरा माणूस आत बसतो." ती म्हणायची, "सुटले बिचारे." तिला जांभई आली की तो उठायचा. न सांगता उठायचा. दार ओढून घ्यायचा आणि बाहेरून ऐकायचा. फस्स, फस्स. मग जिना उतरायचा.

पण एक गोष्ट तशीच होती. तो घरात असला की तिला झोप लागायची नाही. एकदा त्यानं बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसून पाहिलं, तर आतून तिचाच आवाज आला, "तुम्ही आहात अजून, हो ना?" त्या आवाजात राग नव्हता, पण कंटाळा होता. तो निघून गेला. रस्त्यावर येऊन त्याला वाटलं, एवढ्या वर्षांच्या संसारातून आपल्या हातानं आपण हे कमावलं. बायको आजारी आणि तिच्याजवळ बसायला जगात एकच माणूस नालायक.

मग एक दिवस तो ठरलेल्या वेळेच्या आधी आला, कारण मॅडमनी लवकर सोडलं होतं. बाहेरच्या खोलीत बसू, आवाज करायचा नाही, असं ठरवून आला. धाकटीनं ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं.

"गाढ झोपलीय," ती कुजबुजली. "जेवणानंतर लागली ती अजून. आज खूप बोलली, दमली असेल."

तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तो ओलांडून जाणार होता. पण नजर आत गेलीच. ती पाठीवर झोपली होती, मास्क नीट बसलेला, तोंड दाराकडे. डोळे मिटलेले. तो थांबला. आता उघडतील, असं त्याला वाटलं. नेहमी उघडायचे. उघडले नाहीत.

त्यानं एक पाऊल आत टाकलं. मग दुसरं. फरशीवर तळव्याचा आवाज झाला. ती हलली नाही. तो पलंगापर्यंत गेला आणि हळूच खुर्चीत टेकला, खुर्ची करकरली, आणि तरीही ती झोपूनच होती. यंत्र चालू होतं. फस्स, छाती वर. फस्स, छाती खाली.

त्याचे डोळे भरून आले. सवय मोडली, त्याच्या मनात आलं. शेवटी मोडली. मी इथे आहे आणि ही झोपलीय.

त्यानं दारातल्या धाकटीला हातानं खुणावलं, बघ, बघ म्हणून. तीही हसली, डोळे पुसले. "चहा ठेवू?" तिनं ओठांनीच विचारलं. त्यानं मान हलवली, भांड्यांचा आवाज नको. तरी ती स्वयंपाकघरात गेली.

तो बसून राहिला. असं तिच्याजवळ बसायला त्याला कितीतरी दिवस मिळालं नव्हतं. दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबून ठेवले होते, न जाणो, आपणहून पुढे जायचे. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. लग्नाच्या वेळी दिसायची तशी ती जरा रागीट, जरा खट्याळ दिसत होती. आपण उठून निघून गेलं तर ही उठल्यावर हिला सांगता येईल, मी आलो होतो, तुझ्याशेजारी बसून गेलो, तुला पत्ता नाही. ती काय म्हणेल तेही त्याला ऐकू येत होतं. तो एकटाच गालात हसला.

ऊन सरकत सरकत खिडकीतून पलंगावर आलं आणि तिच्या तोंडाकडे चढायला लागलं. उन्हानं जाग येईल, असं वाटून तो उठला. पडद्याची दोरी पलंगाच्या पलीकडे होती. तिच्या अंगाला धक्का न लावता तो वाकला, दोरी ओढली, आणि परत येताना त्याचं मनगट तिच्या बोटांवरून घासत गेलं.

बोटं गार होती. उन्हात असूनही गार.

तो वाकलेलाच राहिला. यंत्र हवा ढकलत होतं, छाती वर येत होती, छाती खाली जात होती. त्यानं तिच्या पापण्यांकडे बघितलं. मग हात मांडीखाली दाबून बसलेला तो सगळा वेळ त्याच्या मनात उलटा फिरला. तो आत आला तेव्हा ती होती की नव्हती? तो हसत बसला होता तेव्हा? हे सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. एक यंत्र होतं, आणि ते दोन्हींतला फरक ओळखत नव्हतं.

त्यानं तिच्या कानामागून बोटं फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. मग त्यानं तिचे खांदे धरले आणि जन्मात कधी कुणाला उठवलं नव्हतं तसं तो तिला उठवायला लागला, गदागदा हलवून, नावानं हाका मारून, भिंती दणाणतील एवढ्या मोठ्यानं. मास्क निसटला आणि यंत्राची शिट्टी सुरू झाली.

स्वयंपाकघरातून धाकटी धावत आली. तिच्या हातात चहाची कपबशी होती आणि आवाजात राग होता.

"अहो भावोजी, काय करताय हे! उठेल ना ती!"